व्याह्यांना तुर्की येतं

बुर्ज हम्मूद, लेबनॉन, सोमवार, ४ मे १९९८

आझ्निव,

आई गेल्यापासून तुझ्यामाझ्यात अक्षर नाही, म्हणून ‘प्रिय’ लिहायला हात धजत नाही, आणि भांडायला आज सवड नाही. मी हादरले आहे. ओहान म्हणतो, रक्तदाब तपासून घे. म्हटलं, रक्तदाब कसला तपासता, आधी अक्कल तपासा, तुमची आणि तुमच्या बहिणीची.

हे पत्र तुर्कीत लिहिते आहे, आपल्या आर्मेनियन अक्षरांत, आई लिहायची तसं. मारलच्या हाती पडलं तरी तिला बोध होऊ नये म्हणून. तिला अक्षरं येतात, भाषा येत नाही.

मारलचं लग्न ठरतंय. तू जन्म दिलास, दीड वर्षाची असताना माझ्या मांडीवर ठेवलीस, आणि सहा महिन्यांत बोलावून घेते म्हणून त्या नव्या नवऱ्याबरोबर मार्सेयला गेलीस, ती मारल. आता चोवीस वर्षांची आहे. औषधांच्या दुकानात गोळ्या देते, लोक तिच्या हातच्या गोळीने बरे होतात असं गल्लीत म्हणतात. मला आई म्हणते. तू तिची मावशी, कपाटावरच्या फोटोतली.

मुलगा आपल्यातला नाही. अरब आहे, पण ख्रिस्तीच, रूम ऑर्थोडॉक्स पंथाचा, नाव रमझी. वडिलांबरोबर सिन-अल-फिलला विजेच्या सामानाचं दुकान चालवतो. वार्तुहीने, म्हणजे माझ्या नणंदेने, आठवडाभर तोंड फुगवलं. ‘आर्मेनियन मुलगे काय संपावर गेलेत का?’ म्हणाली. पण पोरगी हट्टाला पेटली, आणि मुलगा खरंच चांगला आहे. काल त्याचे आईवडील शब्द घ्यायला आले होते. लग्न सप्टेंबरात करायचं चाललंय.

आपल्या घराचा कायदा तू विसरली नसशील. भाव करायचा अरबीत, डॉक्टरशी बोलायचं फ्रेंचमध्ये, देवाशी आणि पोरांशी आर्मेनियनमध्ये, आणि पोरांपासून लपवायचं ते तुर्कीत. पोराच्या तोंडून तुर्की शब्द निघाला की आईच्या डब्यात दंडाचं नाणं. ‘ज्या भाषेत आम्हाला घराबाहेर काढलं, ती माझ्या नातवंडांच्या तोंडी नको.’ आणि स्वतः मात्र चुलीशी, धुण्याशी, दाढदुखीला तुर्कीतच. शिवाय लपवायची जी कला तिने आपल्याला शिकवली, तशी मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. गुपित बोलायचं ते ताट पुढे करत, हसतमुखाने, ‘घ्या ना आणखी’च्या सुरात. ऐकणाऱ्याला वाटतं, बाई आग्रह करतेय.

तर कालही तेच केलं. रमझीची आई मोठी गोड बाई. निम्मं वाक्य अरबीत सुरू करते आणि फ्रेंचमध्ये उतरवते. तिने मारलकडे कौतुकाने बघत विचारलं, “ही कोणावर गेली हो? डोळे तर तुमच्यापैकी कुणाचेच दिसत नाहीत.”

वार्तुहीने बकलाव्याचं ताट उचललं आणि आग्रहाच्या सुरात तुर्कीत म्हणाली, “सांग ना सिरवार्त, मार्सेयच्या मालावर गेली म्हणून.”

“तुझी जीभ झडो,” मी साखर पुढे सरकवत म्हणाले. “लग्न लागेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. आईने टाकलेली पोर म्हटल्यावर हे लोक कॉफी तशीच ठेवून उठतील.”

“सांगून टाकू या,” ओहान म्हणाला. “पोरीलासुद्धा. किती दिवस झाकायचं?”

“मी मेल्यावर सांगा. एका दिवसात दोन्ही रडणी उरकतील.”

“सांगायचंच तर आधी त्या ढेरपोट्याला सांग, आता पुरे म्हणावं,” वार्तुही म्हणाली. “ताट संपत आलं. याच्या पोटाला बूड आहे की नाही?”

आम्ही तिघंही हसलो. आम्ही हसलो म्हणून पाहुणेही हसले. रमझीच्या वडिलांनी, अबू रमझींनी, आणखी एक तुकडा घेतला. मारल कप गोळा करत होती, तिने मान वर केली नाही.

निघताना दाराशी अबू रमझींनी ओहानचा हात हातात घेतला. मग माझ्याकडे वळले आणि तुर्कीत बोलले. अगं, स्वच्छ तुर्की, आईनंतर तशी मी ऐकली नव्हती. “हातांना आरोग्य लाभो, ताई. पोट भरलं. बूड आहे हो या पोटाला.”

आणि कठड्याला धरून सावकाश जिना उतरून गेले.

ओहान दार उघडं टाकून तसाच उभा. वार्तुहीने सोफ्यावर अंग टाकलं आणि येशूची, मरियमची, कोणाकोणाची नावं घेतली. मारल स्वयंपाकघरात होती, नळ सुरू होता, तेवढी देवाची कृपा. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात ना, तसे आम्ही जन्मभर पीत आलो. काल कुणीतरी डोळे उघडे ठेवून समोरच बसलं होतं.

लग्न मोडलं तर मोडलं, त्याचं मला काही नाही, असं लिहिणार होते. खोटं आहे. पण त्याहून मोठी भीती निराळी आहे. मारलला जे माहीत नाही ते आता तिच्या सासऱ्याला माहीत आहे. ते रमझीला सांगतील, रमझी तिला सांगेल. आणि मग ती मला कशाला आई म्हणेल?

तू यात पडू नको. फोन करू नको, पत्र तर मुळीच नको. तुला कळवलं ते एवढ्यासाठी की उद्या कुठून तरी उडत आलं तर तू तोंड उघडू नयेस. आणि जुनं उकरू नको. युद्धातला वेढा उठल्यावर तू मारलसाठी तिकीट पाठवलंस आणि मी कळवलं की विमानतळ बंद आहे. बंद होता. तो काही मी बंद केला नव्हता.

सिरवार्त

बुर्ज हम्मूद, गुरुवार, १४ मे १९९८

आझ्निव,

अक्कल गहाण ठेवलीस का? फॅक्स करतात? तोही ओहानच्या कारखान्यात? तोही फ्रेंचमध्ये? “लग्नाला येते आहे.” बूट शिवणाऱ्या सगळ्या कारागिरांनी वाचला. चामडं कापणारा गाराबेद मला रस्त्यात थांबवून म्हणतो, “वहिनी, मार्सेयचे पाहुणे येताहेत म्हणे, अभिनंदन!” तुला मी ‘गप्प बस’ लिहिलं होतं. तुर्की विसरलीस का तिकडे जाऊन?

आता नीट वाच. काल मी अबू रमझींच्या दुकानात गेले होते, एकटीच. ओहानला सांगितलं दंतवैद्याकडे जाते.

दुकानात ते एकटे बसले होते, जनरेटरच्या वायरींच्या वेटोळ्यांत. मला पाहून उठले, स्टूल पुसलं. मी अरबीत क्षमा मागायला सुरुवात केली, तर हात वर करून म्हणाले, “तुर्कीत बोला, ताई. मेहेरबानी होईल.”

ते मूळचे अंताक्याचे. शाळा तुर्की, घर अरबी. विशीत लेबनॉनला आले ते आलेच. “इथे कुणाशी बोलणार? आई होती तोवर तिच्याशी कधीमधी. ती गेली आणि तोंडाला कुलूप लागलं. परवा तुमच्या घरी एवढ्या वर्षांनी कानावर पडली. शिव्या होत्या, पण काय सांगू, गोड लागल्या. उठावंसं वाटेना, म्हणून खात राहिलो. एरवी मला गोड चालत नाही, साखर आहे मला.”

मला हसू येत होतं आणि घाम फुटत होता.

“म्हणजे सगळं ऐकलंत?” मी विचारलं.

“देवाने डोळ्यांना झाकण दिलं, कानांना नाही.”

“रमझीच्या आईला सांगितलंत?”

“तिला सांगितलं असतं तर आतापर्यंत चर्चची घंटासुद्धा तेच वाजवत असती.”

मला जरा धीर आला. वाटलं, सुटले. तेवढ्यात त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “मुलगी कोणाच्या पोटची, याच्याशी मला कर्तव्य नाही. जिने वाढवली ती आई, माझ्यापुरता विषय संपला. पण माझ्या घरात येणाऱ्या मुलीबद्दल मला ठाऊक आहे आणि तिला स्वतःला नाही, हे मला झेपायचं नाही. रोज ती माझ्यापुढे कॉफी ठेवील आणि मी मान खाली घालीन? अंगठ्या घालायच्या आधी तिला सांगा. नाही सांगितलंत तर अंगठी होणार नाही. का, ते मी कुणाला सांगणार नाही. पण अंगठी होणार नाही.”

अंगठ्या एकतीस तारखेला घालायच्या आहेत. पाद्री ठरला आहे, साखरेचे बदाम सांगून झालेत.

मी भांडले. म्हटलं, तुम्ही आमच्या घरचं खाल्लंत, आणि आम्हालाच धमकी देता? ते शांतपणे म्हणाले, “खाल्लं म्हणूनच. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या पोरीला फसवायचं नसतं.” मग मला दारापर्यंत सोडायला आले. बाहेर हिरव्या बदामांची गाडी उभी होती. त्यांनी कागदाच्या पुडीत बदाम आणि मीठ घेऊन माझ्या हातात दिलं. मी रस्त्यात उभी राहून ते सगळे खाल्ले आणि रडले. लोक बघत होते. बघू देत.

सांगावं लागणार. कसं सांगू? ‘तुझी आई तुला सोडून गेली’ हे वाक्य मी आर्मेनियनमध्ये जुळवून बघते, तर जुळत नाही. आमच्या घरात ते कधी आर्मेनियनमध्ये बोललंच गेलं नाही. तुर्कीत कसं सहज येतं बघ, तिच्या डोक्यावरून, भाकरी मोडता मोडता.

आणि तू म्हणतेस, येते. तू आलीस आणि ती तुझ्याकडे बघून म्हणाली, ‘हिचे डोळे माझे आहेत,’ तर मी कुठे उभी राहायचं? नवरीकडच्या मावशांत? येऊ नको, आझ्निव. आयुष्यात एकदा माझं ऐक.

सिरवार्त

बुर्ज हम्मूद, रविवार, २४ मे १९९८

आझ्निव,

हे पत्र आर्मेनियनमध्ये लिहिते आहे. तुर्कीत लिहून आता काही उपयोग नाही, ते का, ते खाली वाच. बसून वाच. मी कालपासून बसूनच आहे.

काल शनिवारी आम्ही मान्ती करायला बसलो होतो. ठरवलं होतं की आज सांगायचं, हात कामात असले म्हणजे तोंडाला सोपं जातं. टेबलाभोवती मी, वार्तुही, मारल. ओहान खुर्चीत वर्तमानपत्र उलटं धरून. पिठाचे चौकोन कापले, खिमा भरला, होड्या वळून थाळ्यात लावायला लागलो. निम्मा थाळा भरला तरी माझ्या तोंडून शब्द फुटेना.

ओहानने घसा साफ केला आणि तुर्कीत म्हणाला, “सांग आता. नाहीतर मी सांगतो.”

“तुम्ही मध्ये पडू नका,” मी म्हणाले, पाणी पुढे सरकवत, ‘बोटं ओली कर गं’च्या सुरात.

“दोघंही घाबरट,” वार्तुही म्हणाली. “मी सांगते. एका वाक्यात सांगते.”

“तुझ्या एका वाक्याने माझी पोर मरेल. तिचे हात तरी धुऊ देत.”

तेव्हा मारल बोलली. नजर होडीवरच होती. तुर्कीत बोलली, आझ्निव. आपल्या मराश गावची तुर्की, आईची, शब्द ओढत, शेवटी जरा खरखरत. आईच बोलतेय असं वाटून मी दाराकडे पाहिलं.

“कुणीच सांगू नका. मला माहीत आहे. आणि आत्या, तुझ्या होड्यांची टोकं उघडी राहताहेत, भट्टीत फुटतील.”

माझ्या हातातला खिमा हातातच राहिला. ओहानचं वर्तमानपत्र खाली पडलं आणि त्याने ते उचललं नाही.

“कधीपासून?” मी विचारलं. मी आर्मेनियनमध्ये विचारलं, ती तुर्कीतच उत्तर देत होती.

“आजी होती तेव्हापासून. युद्धात तोफगोळे पडायला लागले की तुम्ही वर खिडक्यांना गाद्या लावायचात आणि आजी मला घेऊन जिन्याखाली बसायची. तिला दुसऱ्या कुठल्या भाषेत धीर देता यायचा नाही. मराशच्या द्राक्षांच्या गोष्टी सांगायची. मग म्हणायची, ‘कुणाला सांगू नको हं, तुझी आई मलाच दंड करील.’”

आपली आई! जिने तो डबा ठेवला! तुझे माझे खाऊचे पैसे त्या डब्यात गेले, आझ्निव, एकदा मी नुसतं कांद्याला तुर्कीत कांदा म्हटलं म्हणून गेले. आणि ती जिन्याखाली बसून माझ्या पोरीच्या कानात तीच भाषा ओतत होती. मला राग यावा की काय व्हावं, समजेना. सोळा-सतरा वर्षं आम्ही त्या टेबलावर बसून नाही नाही ते बोललो, आणि पोरगी समोर बसून जेवत होती!

“काय काय ऐकलंस?” ओहानने विचारलं. आवाज अगदी बारीक.

“सगळंच. तुमचा कारखाना दोनदा बुडायला आला होता ते. आत्याला बघून गेलेल्या सोनाराला तिने का नकार दिला ते.” वार्तुही तोंडाला फडकं लावून बसली. “मी तुमची नाही, ते. आणि विमानतळ.”

“कुठला विमानतळ?” मी म्हणाले. विचारायला नको होतं.

“मी आठ वर्षांची होते. मावशीने तिकीट पाठवलं होतं. त्या दिवशी मसुराचं सूप होतं. तू वाडगा माझ्यापुढे ठेवलास आणि बाबांना म्हणालीस, ‘विमानं कालपासून उडताहेत. मी तिला बंद म्हणून कळवलंय. माझ्यापुरता तो विमानतळ उघडायचाच नाही. पोर देणार नाही, मग देव खाली उतरून मागू दे.’”

शब्दाला शब्द, आझ्निव. मी स्वतः विसरले होते. मला वाटलं, आता ही उठेल, खिमा भरलेले हात धुवेल, आणि बॅग भरेल. मी टेबलाची कड धरली.

“त्याच्या पुढचं आठवतं तुला?” तिने विचारलं.

“नाही.”

“मी आणखी सूप मागितलं.”

आणि मला आठवलं. मसुराचं सूप म्हटलं की ही पोर नाक दाबून घ्यायची, अर्धं टेबलाखाली मांजराला. त्या दिवशी वाडगा चाटूनपुसून पुढे केला आणि म्हणाली, “आणखी वाढ, आई.” मी शेजारीपाजारी सांगत सुटले होते, युद्धाने का होईना, पोरीला चव कळली.

“मग बोलली का नाहीस एवढी वर्षं?” मला रडू आवरत नव्हतं.

“बोलले असते तर तुम्ही माझ्यादेखत बोलणं थांबवलं असतं. तोंडावर तुम्ही सगळे गोडच बोलता. खरं तेवढं तुर्कीत. मग मला कसं कळलं असतं, मी इथे कुणाला हवी आहे ते?”

मग उठली, हात धुतले, खुंटीवरच्या पर्समधून पाचशे लिऱ्यांचं नाणं काढून माझ्यासमोर ठेवलं. “आजीचा डबा कुठाय? एवढं बोलले त्याचा दंड.” ओहान हसायला लागला आणि हसता हसता इतका रडला की वार्तुहीने त्याला पाणी पाजलं. त्या गडबडीत थाळा भट्टीत उशिरा गेला. वार्तुहीच्या होड्या फुटल्या.

तर आता तुला कळलं. विमानतळ उघडा होता. पहिल्या पत्रात मी पुन्हा खोटं लिहिलं. तुला हे वाचून काय होत असेल ते मला कळतं, काल मीही तशीच बसले होते. क्षमा मागत नाही. ती आठ वर्षांची पुन्हा समोर बसली तर मी पुन्हा तेच कळवीन, हेही लिहून ठेवते.

तिला तुझा फॅक्स दाखवला. तिने तो वाचून घडी घालून ठेवला. मग म्हणाली, “एक गोष्ट मात्र मला कधी कळली नाही. ती का गेली? त्याबद्दल तुम्ही तुर्कीतसुद्धा बोलला नाहीत.”

खरं आहे. आम्ही कुठल्याच भाषेत बोललो नाही. मला सांगता आलं असतं असंही नाही. तू मला तरी कुठे सांगितलंस?

सिरवार्त

बुर्ज हम्मूद, सोमवार, १ जून १९९८

आझ्निव,

काल अंगठ्या झाल्या. मारलने रमझीला आधीच सगळं सांगितलं होतं. त्याने विचारलं म्हणे, “म्हणजे मला दोन सासवा?” आणि घाबरला.

अबू रमझी मारलच्या शेजारी बसले होते. दोघं टेबलाच्या त्या टोकाला तुर्कीत गप्पा मारत होते आणि हसत होते. रमझीची आई सारखी विचारत होती, “काय बोलताय? आम्हालाही सांगा की!” मला तिची दया आली. आपल्या घरातल्या पोरांचं इतकी वर्षं काय होत असेल ते काल प्रथम समजलं. अबू रमझींनी सगळ्यांदेखत साखरेच्या बदामांना हात घातला आणि रमझीच्या आईने तो हात चापट मारून बाजूला केला. मग त्यांनी माझ्या मान्तीची बशी ओढली. एक होडी तोंडात टाकली आणि मारलला विचारलं, “कुणी केलंय हे?”

“माझ्या आईने,” मारल म्हणाली.

तुर्कीत म्हणाली, आझ्निव.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि तिथेच उभी राहिले. आता मला कशाचीच भीती नाही. म्हणून हे लिहिते.

लग्न तेरा सप्टेंबरला आहे, संत वर्तानच्या चर्चमध्ये. नवरीला घरातून बाहेर काढताना मी तिच्या उजव्या हाताला असेन, ते सोडणार नाही. डावा हात मोकळा आहे. पण आदल्या आठवड्यात ये, गर्दीच्या आधी. तिला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे, तू का गेलीस ते. रडून सांग, भांडून सांग, हव्या त्या भाषेत सांग. तिला सगळ्या येतात.

ये. विमानतळ उघडा आहे.

तुझी बहीण,
सिरवार्त